बांधावरचं लाकडी रोलर कोस्टर : ३८ मीटरच्या कामाच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

बहिणीने व्हिडिओ कॉलवरून ओवाळलं आणि वर विचारलं, "दादा, तुझ्या त्या रोलर कोस्टरचं काय झालं? पाच वर्षं नुसतं बोलतोयस."

ती पेनसिल्व्हेनियात असते. २०१९ मध्ये तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा तिने मला एलिसबर्गजवळच्या कनोबल्स पार्कमध्ये नेलं. तिथलं फिनिक्स हे लाकडी रोलर कोस्टर ७८ फूट उंच आणि ३,२०० फूट लांब आहे. मी त्यात तीनदा बसलो आणि उरलेला दिवस कुंपणाला टेकून खालचं लाकूडकाम बघत काढला. हे मूळचं टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचं. तिथलं पार्क १९८० मध्ये बंद पडलं. १९८५ मध्ये या लोकांनी ते सोडवलं, लाकडांवर नंबर टाकले, ट्रकमधून आणलं आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये सुरूही केलं. मूळ नकाशे हाताशी नव्हते. कोकणात जुनं घर उतरवून वासे-तुळया दुसऱ्या जागी उभ्या करतात, तसाच हा प्रकार. तेव्हाच डोक्यात आलं की ही विद्या आपल्याला परकी नाही.

आमचं शेत वाईजवळ आहे. वरच्या आणि खालच्या खाचरात चांगला उतार आहे, म्हणजे साखळीने गाडी वर ओढायची भानगड नको. वरच्या बांधावर गाडीत बसायचं, खाली सुटायचं, दोन उंचवटे ओलांडायचे, थांबायचं आणि गाडी ढकलत परत आणायची. बजेट ६० हजार. वेळ फक्त रविवारचा. मे महिन्याअखेर संपवायचं.

घरच्यांपुरतंच आहे, तिकीट लावायचं नाही. कुणी कृषी पर्यटनासाठी हे वाचत असेल तर त्याने आधी परवानगी, तपासणी आणि विमा बघावा, मग या नोंदींकडे यावं.

१७ नोव्हेंबर

आखणी. सुटायची जागा तळापासून २.८ मीटर, पहिला खळगा ०.४ वर, पहिलं वशिंड १.७ वर, पुन्हा खळगा, दुसरं वशिंड १.२ वर, शेवटी ०.९ मीटरवर सपाट ब्रेकची लांबी. एकूण ३६ मीटर, सरळ रेषेत. "वशिंड" हा शब्द आमच्या मिस्त्रींचा. मी कागदावर "पहिला उंचवटा" लिहिलं होतं. त्यांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "हे तर बैलाचं वशिंड." तेव्हापासून तेच चालू आहे.

उंची काढायला पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल घेतली. सकाळी ९ ते १ यात गेले. नळीत बुडबुडा राहू देऊ नका. (मी राहू दिला होता, पण ते कळलं मार्चमध्ये. खाली येईलच.)

१ डिसेंबर

लाकूड. खांबांसाठी निलगिरीच्या ७२ बल्ल्या, एक १६० रुपयांना. रुळांसाठी वखारीतून पाइन, २८ घनफूट, ८५० रुपये दराने. पाऊण इंच जाड, ४ इंच रुंद अशा फळ्या चिरून घेतल्या.

पाऊण इंचच का? मोठ्या लाकडी कोस्टरचा रूळ म्हणजे एकसंध तुळई नसते. आडव्या फळ्यांचा थर असतो, बहुतेक ठिकाणी आठ फळ्यांचा. एकेक फळी वाकवून खालच्या फळीवर बसवत जायचं, सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत. तिथे फळ्या जाड असतात, कारण त्यांच्या वळणांची त्रिज्याही मोठी. माझ्या खळग्यांची त्रिज्या ३ ते ५ मीटर, म्हणून पाऊण इंच. मी आठऐवजी चार थर धरले.

वखारवाल्याने विचारलं, "कशाला हवंय एवढं?" मी खरं सांगितलं. त्याने दर कमी केला नाही, पण चहा पाजला.

गाठी नसलेल्या फळ्या वेगळ्या काढायला दोन तास लागले. ते दोन तास वाचवू नका.

१५ डिसेंबर

उभ्या खांबांच्या जोडीला मिस्त्री "घोडी" म्हणतात. दोन खांब, वर आडवी फळी, मध्ये तिरपी कैची. अशा ३० घोड्या, दर १.२ मीटरवर एक.

पहिल्या ५ घोड्यांचे १० खांब आम्ही सरळ खड्ड्यात उभे केले आणि भोवती सिमेंट ओतलं. संध्याकाळी शेजारचे आबा बांधावर येऊन उभे राहिले. त्यांनी द्राक्षाचे मांडव आयुष्यभर उभारले आहेत. म्हणाले, "सिमेंटात लाकूड म्हणजे पाण्याच्या वाटीत लाकूड. लाकूड आकसणार, फट पडणार, पाणी आत जाणार न् तिथंच राहणार." बरोबर होतं. उरलेल्या २५ घोड्यांसाठी सिमेंटचे ठोकळे ओतले आणि त्यात लोखंडी यू पट्टी बसवली. खांब त्या पट्टीत बोल्टने धरायचा, जमिनीपासून २ इंच वर. मिस्त्री त्याला बूट म्हणतात.

ते १० खांब मात्र उपटले नाहीत. आळस, दुसरं काही नाही.

खांबांना जळकं ऑइल फासलं. वाळवीला चालतं असं सगळे सांगतात. कपडे, हात, गुण्या, टेप सगळं काळं झालं आणि नंतर मारलेला रंग धरला नाही. पुन्हा करायचं तर फासणार नाही.

५ जानेवारी २०२५

रुळांचे थर सुरू. पहिल्या उतारावरची फळी आम्ही तिघांनी दाबून, सी क्लॅम्प लावून बसवली. छान वाकली. मला वाटलं, पुढचं सोपं आहे.

दुपारी हट्ट सुचला: शेवटी एक हलकं डावं वळण घ्यावं. फळी चपटी ठेवून वर-खाली वाकते, पण बाजूला वाकवायची तर ती ४ इंच रुंदीतून वाकायला हवी. पट्टी टेबलावर ठेवून कडेने वाकवून बघा, म्हणजे कळेल. पुली लावून ओढलं, दोन फळ्या मोडल्या. मिस्त्री म्हणाले, "सायेब, ही न्हाय वाकायची. तुमी वाकला तरी ही न्हाय." मोठी कामं करणारे लोक अशा ठिकाणी फळ्यांचे छोटे तुकडे जोडतात किंवा लाकूड वळणाच्या आकारातच चिरून आणतात. वळणाचा नाद सोडला. वाया गेला अर्धा दिवस.

थर एकमेकांना खिळ्यांनी मारले, चार इंची खिळे. मोठ्या कोस्टरवर खिळेच मारतात असं वाचलं होतं. त्याच्या पुढे वाचलं नव्हतं, ते फेब्रुवारीत समजलं.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून शेतावर. रुळावर ४० मिलीमीटर रुंद, ५ मिलीमीटर जाड लोखंडी पट्टी बसवली. चाक पट्टीवरून धावतं, लाकूड फक्त भार घेतं. १२० किलो पट्टी, ६८ रुपये किलो. २० फुटी पट्ट्या टोकाला टोक भिडवून, फट न ठेवता स्क्रू मारले. सांधा दिसतही नव्हता. फोटो काढून बहिणीला पाठवला. तो फोटो आता पाहवत नाही.

गाडी वाईतल्या फॅब्रिकेशनवाल्याने केली. ३४ किलो, एक माणूस बसेल अशी, कमरेला पट्टा आणि मांडीवर आडवा दांडा.

९ फेब्रुवारी

पहिली चाचणी. गाडीत सिमेंटच्या पिशव्यांत वाळू, ४० किलो. सोडली. पहिला उतार झकास, पहिल्या वशिंडावर निम्मी चढली, थांबली, मागे आली, खळग्यात पाळण्यासारखी हलत राहिली. सहा वेळा तेच.

दोन कारणं सापडली. एक, मी स्वस्तातली ट्रॉलीची नायलॉन चाकं घेतली होती, आत बेअरिंग नाही, नुसता बुश. दोन, गाडी जागेवर राहावी म्हणून मी रुळांच्या बाहेरच्या कडेला उभ्या फळ्या मारल्या होत्या आणि गाडीची बाजू त्यांना घासत जात होती.

ही उभ्या फळ्यांची कल्पना मी पेनसिल्व्हेनियातल्याच अल्टूनाच्या लीप-द-डिप्स या जुन्या लाकडी कोस्टरवरून उचलली होती. ते १९०२ सालचं. त्याची गाडी अशीच कडेच्या फळ्यांच्या आधाराने पन्हाळीत धावते, रुळाखाली धरून ठेवणारं चाक नाही. १९८५ मध्ये बंद पडलं होतं, दुरुस्त करून १९९९ मध्ये पुन्हा सुरू केलं. ४१ फूट उंच असलं तरी त्यातला सर्वांत मोठा उतार ९ फुटांचाच आहे आणि वेग ताशी साधारण १६ किलोमीटर. मला वाटलं, आपला उतारही तेवढाच, तर तेच आपल्याला बरं. त्यांच्या गाडीला बाजूलाही चाकं आहेत हे मी सोयीने विसरलो.

२३ फेब्रुवारी

पुण्याहून ६२०३ बेअरिंगची पॉलियुरेथेन चाकं आणली, बाजूलाही चार छोटी चाकं लावली. रबरी सीलची नवी बेअरिंग हाताने फिरवली तर जड वाटतात. लोखंडी झाकणाची घ्या, मोकळी फिरतात.

सकाळी ११.२० ला सोडली. उतार, खळगा, वशिंड. आणि वशिंडाच्या माथ्यावर गाडीची मागची चाकं उचलली. पुढची चाकं उतरणीला लागली, मागचा भाग हवेत, गाडी तिरकी झाली, उजवी उभी फळी फोडून खाली. वाळूची एक पिशवी आंब्याच्या बुंध्याला जाऊन फुटली. कुणी बोललं नाही. मग मिस्त्रींनी विडी पेटवली आणि म्हणाले, "वाळूच होती ते बरं."

आईने घरातून आवाज ऐकला होता. तिला "फळी पडली" असं सांगितलं, जे तांत्रिकदृष्ट्या खरं आहे.

दुपारभर फोनचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. रुळावर खडूने १ मीटर अंतरावर दोन खुणा केल्या होत्या. सेकंदाला २४० चित्रांच्या वेगाने काढलेल्या व्हिडिओत गाडीला ते अंतर कापायला ५६ चित्रं लागली, म्हणजे सेकंदाला ४.३ मीटर. वेगाचा वर्ग १८.५. त्याला वशिंडाच्या त्रिज्येने, म्हणजे १.७५ ने भागलं की येतात १०.६. गुरुत्वाकर्षण ९.८. गाडीला माथ्यावर रुळाला चिकटून राहायला जेवढी ओढ लागत होती, तेवढी पृथ्वीकडे नव्हती. गाडी उडणारच होती. हे गणित बारावीचं आहे. मी डिप्लोमा केलाय, ३१ वर्षं मशीन शॉपमध्ये काढली आहेत, आणि मी ते गणित आधी केलं नव्हतं. वशिंडाची त्रिज्या "दिसायला बरी" म्हणून ठरवली होती.

आणखी एक दिसलं: धक्क्यांनी खळग्यातले खिळे एक-दीड सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) वर आले होते. लाकडी कोस्टरवर रोज सकाळी उघडण्यापूर्वी माणसं पूर्ण रुळावरून चालत जातात, वर आलेले खिळे ठोकतात, सैल बोल्ट आवळतात. खिळे मारायचे हे मी वाचलं होतं, रोज चालायचं हे नव्हतं. दर २ फुटांवर आरपार बोल्ट घालायचं ठरलं.

२ मार्च ते २३ मार्च, चार रविवार आणि मधले ६ दिवस

पहिलं वशिंड पूर्ण मोडलं. नवी त्रिज्या ४ मीटर. तोच वेग धरला तर १८.५ भागिले ४, साधारण ४.६. म्हणजे माथ्यावर बसलेल्याला आपलं वजन निम्म्याला आल्यासारखं वाटेल, पण गाडी रुळावरच राहील. वशिंडाची लांबी साडेसहा मीटरवरून पावणेनऊ झाली, म्हणून एकूण रूळ ३६ चे ३८ मीटर. दोन घोड्या वाढल्या, ३२ झाल्या.

जुन्या वशिंडाच्या फळ्या सोडवताना दिसलं की सातपैकी सात तडे गाठींपाशी होते. पावणेदोन मीटरच्या त्रिज्येत पाऊण इंची फळी वाकते, पण गाठ असेल तिथे तडकते. ४ मीटरला एकही तडकली नाही.

याच वेळी बुडबुड्याची चोरी सापडली. नव्या वशिंडाचा शेवट दुसऱ्या खळग्याला जुळेना, ४ सेंटीमीटरचा फरक. पुन्हा नळी भरली, या वेळी नळी उन्हाकडे धरून बुडबुडे झटकले. नोव्हेंबरची माझी माप-वही अर्ध्या रुळापर्यंत बरोबर आणि तिथून पुढे सरसकट ४ सेंटीमीटर चुकलेली निघाली. मधल्या चहानंतर नळीत हवा गेली असणार. घोड्यांवर पाचरी ठोकून उंची जुळवली. पाचरी बघून पाहुणे विचारतात, "हे काय?" मी सांगतो, "डिझाइन."

मोठं काम मात्र खालच्या चाकांचं. नुसती त्रिज्या वाढवून माझं मन मानेना. कुणी जड बसला, वारा मागून आला, वेग वाढला तर? गाडीला रुळाखालून पकडणारं चाक हवं. ही युक्ती जॉन मिलर या अमेरिकन कोस्टर बनवणाऱ्याची, त्याचं १९१९ चं पेटंट आहे. वरच्या फळ्या खालच्यांपेक्षा रुंद ठेवायच्या, आतल्या बाजूला ओठ काढायचा आणि त्या ओठाखाली गाडीचं छोटं चाक फिरवायचं. गाडी वर उचलायला लागली की ते चाक ओठाला टेकतं आणि धरून ठेवतं. पिट्सबर्गजवळच्या केनीवुड पार्कमध्ये मिलरचं १९२० चं जॅक रॅबिट हे कोस्टर अजून आहे. ही युक्ती आल्यावरच कोस्टरचे उतार उंच आणि तीव्र झाले. त्याआधीचे सगळे माझ्यासारखे जपून चालत होते. फरक इतकाच की ते गणित करून जपत होते.

माझ्या रुळांना ओठ नव्हता, चारही थर ४ इंची. म्हणून साडेपाच इंच रुंद पाचवा थर वर चढवायचा, म्हणजे जानेवारीत बसवलेली सगळी लोखंडी पट्टी काढायची. अडीचशेहून जास्त स्क्रू. त्यातल्या साठेकांचे माथे झिजले, ते ड्रिलने काढावे लागले. नवं पाइन १२ घनफूट. बाहेरच्या उभ्या फळ्या काढून त्यांची रुळाशेजारून चालायची वाट केली, रोजच्या फेरीसाठी.

खालची चाकं लावून गाडी हाताने ढकलली तर प्रत्येक फुटावर कट्-कट् आवाज. ओठाखाली हात फिरवला आणि बोट कापलं. पट्टीचे स्क्रू २५ मिलीमीटरचे, पट्टी ५ आणि फळी १९, बेरीज २४. प्रत्येक स्क्रूचं टोक मिलीमीटरभर खाली डोकावत होतं आणि नवीन चाकाला खात होतं. ग्राइंडर घेऊन झोपून टोकं घासली, दोन दिवस. तुम्ही २० मिलीमीटरचे स्क्रू घ्या.

३० मार्च, गुढीपाडवा

गुढी उभी करून, श्रीखंड खाण्याआधी. आधी वाळू ४० किलो, १० फेऱ्या. मग ८० किलो, १० फेऱ्या. माथ्यावर खालचं चाक फिरलंच नाही, म्हणजे त्रिज्येने काम केलं आणि चाक पहाऱ्यापुरतं उरलं. मग मी, हेल्मेट घालून.

सुमारे आठ सेकंद. वशिंडावर पोटात जे व्हायचं ते झालं. खळग्यात हनुवटी छातीला टेकली. शेवटी ब्रेक: रुळांच्या मधोमध फळीवर जुन्या कन्व्हेअर बेल्टचे तुकडे, त्यावर गाडीचा तळ घासतो. ६ मीटरमध्ये थांबली. ब्रेकच्या पलीकडे कडब्याच्या पेंढ्या रचल्या होत्या, लागल्या नाहीत.

मिस्त्रींना बसा म्हटलं. ते म्हणाले, "मी केलंय, मला म्हाईतंय." बसले नाहीत.

२७ एप्रिल

दुपारी दीडला पहिल्या खळग्यात लोखंडी पट्टी दोन स्क्रूंच्या मध्ये धनुष्यासारखी वर आलेली. हात लावला तर भाजलं. मार्चमध्ये पुन्हा बसवतानाही मी पट्ट्या भिडवूनच लावल्या होत्या, सकाळी ७ च्या थंडीत. २० फुटी पट्टी ४५ अंशांनी तापली तर ३ मिलीमीटरहून जास्त वाढते. तिला जागाच नव्हती. रेल्वेचे रूळ बघत मोठे झालो, तरी.

प्रत्येक सांध्यात सूतभर फट पाडली आणि टोकं ४५ अंशांत तिरपी कापली. त्यामुळे चाक फटीत एकदम पडत नाही, एका टोकावरून दुसऱ्यावर सरकतं. खडखड निम्मी झाली. पट्टीतली भोकंही लांबट केली, फक्त मधला स्क्रू घट्ट.

२५ मे

चार-पाच दिवस पाऊस चालू आहे. मे महिन्यात, असा. आज मान्सून राज्यात पोचल्याचं जाहीर झालं, उद्यापर्यंत मुंबईत. रंगाचा दुसरा हात, ब्रेकवरचं पत्र्याचं छप्पर, सगळं "मेच्या शेवटच्या आठवड्यात" ठेवलं होतं.

दुपारी उघडीप मिळाली म्हणून रिकामी गाडी सोडून पाहिली. पहिल्या उतारावर मध्येच अडकली. मापायची काठी टाकली तर दोन ओठांमधलं अंतर ४ ते ५ मिलीमीटरने कमी. पाइनची रुंद फळी पाणी पिऊन फुगली होती, बोल्ट बाहेरच्या बाजूला असल्याने सगळी वाढ आतल्या बाजूला. बाजूच्या चाकांना मी एकूण ३ मिलीमीटर मोकळीक ठेवली होती. मशीन शॉपची सवय. तिथे ३ मिलीमीटर म्हणजे दरवाजा उघडा टाकल्यासारखं वाटतं.

संध्याकाळी पुन्हा हट्टाने, अडकलेल्या जागी रंधा मारून, ४० किलो वाळूसह सोडली. सुटली. पण बेल्ट ओला होता, ब्रेक लागलाच नाही, गाडी सरळ कडब्यात. गाडीला काही झालं नाही, पेंढ्या मात्र गोठ्यात परत घेतल्या नाहीत कुणी.

पावसाळाभर बंद. गाडी गोठ्यात, खालच्या घोडीला साखळी-कुलूप, वरच्या बांधावर फळी आडवी. पोरं कुलूप बघून जास्त आकर्षित होतात असं दिसतं. पुतण्याला सांगितलंय की गाडीच नाही तर बसणार कशात. त्याने गोठ्याची चावी कुठे असते ते विचारलं. चावी आता माझ्या जानव्याला.

५ ऑक्टोबर

पाऊस ओसरला. आधी नुसता चाललो, हातात हातोडी आणि १७ नंबरचा पाना. ३८ मीटरला दोन तास. ४१ बोल्ट सैल. लाकूड फुगतं तेव्हा वायसर लाकडात रुततो, सुकलं की बोल्ट लुळा पडतो. आता मोठे चौकोनी वायसर घातले.

डिसेंबरमधल्या त्या १० खांबांपैकी ४ मातीच्या पातळीवर मऊ. स्क्रू ड्रायव्हर पाऊण इंच आत गेला. दोघांत वाळवी. बुटांवरचे सगळे खांब टणक. आबांना दाखवलं. त्यांनी काही म्हटलं नाही, नुसती मान हलवली, जे जास्त लागलं. चारही खांब जमिनीच्या वर कापून, ठोकळा ओतून, बूट घातले. कापताना रूळ जॅकवर धरावा लागला. उरलेले ६ या हिवाळ्यात.

पहिल्या खळग्यातले २ मीटर रूळ बदलले, दोन्ही बाजूंचे. वजन सगळ्यात जास्त तिथेच येतं, माझ्या हिशेबाने बसलेल्याच्या जवळपास दुप्पट. वरच्या दोन फळ्या दबून पट्टी खोलगट झाली होती. मोठ्या कोस्टरवरही खळगे आणि वळणं आधी खातात, बाकीचा रूळ वर्षानुवर्षं टिकतो. म्हणून तिथे दर हिवाळ्यात थोडा थोडा तुकडा बदलत राहतात. फिनिक्सवर जुन्या रुळात मध्येच पिवळ्याधमक नव्या फळ्या मी पाहिल्या होत्या, तेव्हा वाटलं होतं की काही मोडलं असेल. जर्मनीतल्या हाइडे पार्कचं कोलोसोस हे लाकडी कोस्टर तर २००१ मध्ये कारखान्यात कापलेले रूळ घेऊन उभं राहिलं, आणि २०१६ मध्ये रूळ खराब झाले म्हणून बंद पडलं. नवे रूळ घालून २०१९ मध्ये उघडलं. माझे २ मीटर एका पावसात गेले. कुरकुर करण्यात अर्थ नाही.

ओठांच्या आतल्या कडा रंधून प्रत्येक बाजूला सूतभर जास्त मोकळीक दिली. गाडी आता थोडी डुलते. कोरड्या दिवसात जास्त, सकाळच्या दवात कमी. चालेल. ब्रेकवर पत्रा टाकला.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

बहीण या वर्षी आली आहे. काल वाळूच्या ५ फेऱ्या, आज ओवाळणीनंतर ती. पहिल्यांदा खाली आली तेव्हा "अजून एकदा" म्हणाली. दुसऱ्यांदा आली तेव्हा तिने विचारलं की ५ नंबरच्या घोडीपाशी टक् असा आवाज का येतो. मला तो आवाज कधी ऐकू आला नव्हता. मी नेहमी बाहेर उभा असतो, नाहीतर डोळे मिटलेले असतात.

विचारणाऱ्यांसाठी खर्च: बल्ल्या ११,५२०, पाइन पहिलं २३,८००, पाइन दुसरं १०,२००, लोखंडी पट्टी ८,१६०, वाया गेलेली ट्रॉलीची चाकं २,६००, नवी चाकं आणि बेअरिंग ११,३००, बोल्ट-स्क्रू-खिळे ७,८५०, मिस्त्रींची २९ दिवसांची मजुरी ३१,९००, सिमेंट आणि बूट ६,२००, गाडी ८,५००, ऑक्टोबरची दुरुस्ती ३,७००. एकूण १,२५,७३० रुपये. ठरवले होते ६० हजार. यातले ट्रॉलीची चाकं, मोडलेल्या वशिंडाचं लाकूड आणि त्यावरची ६ दिवसांची मजुरी मिळून १३,२०० निव्वळ न केलेल्या गणिताचे. माझे रविवार धरलेले नाहीत. बायकोने धरले आहेत, आकडा तिच्याकडे आहे.

संध्याकाळी ५ नंबरची घोडी बघितली. सिमेंटात गाडलेल्यांपैकीच आहे. डावा खांब ठोकळ्यात करंगळी जाईल इतका सैल. गाडी वरून गेली की खाली बसतो आणि परत वर येतो. तोपर्यंत गाडी बंद. रविवारी मिस्त्री येणार आहेत, जॅक आणि एक पोतं सिमेंट आणायला सांगितलंय.